रिकामं म्हणू नये

अंगणवाडी म्हटलं की लोकांना खिचडी आठवते. फार तर वजनकाटा आणि पोलिओचा डोस. मी निवृत्त झाले तेव्हा गावानं छोटासा सत्कार केला. त्यात एका भाषणात मला 'गावच्या लेकरांना जेवू घालणारी माऊली' म्हटलं गेलं. मी शाल सावरत राहिले. खिचडी आमची मदतनीस छबूबाई शिजवायची, आणि ती मागच्या खुर्चीवर बसून माझ्याकडं बघून गालातल्या गालात हसत होती. मी शिकवायचे. पण अंगणवाडीतही काही शिकवतात, हे गावात कुणाला सांगायला गेलं की लोक लहान मुलाचं बोलणं ऐकावं तसं ऐकून घेतात.

तर सांगते. आमच्याकडं तीन ते सहा वर्षांची लेकरं येतात. अक्षरं आणि आकडे ही पुढं शाळेची कामं. आमच्या वाट्याला येतात त्या जोड्या: लहान-मोठं, आत-बाहेर, जवळ-लांब, रिकामं-भरलेलं. ऐकणाऱ्याला वाटतं, यात शिकवायचं ते काय? मलाही नोकरीला लागताना तसंच वाटलं होतं. लहान-मोठ्याला दोन दगड पुरतात. आत-बाहेरला उंबरा आहेच. पण रिकामं कसं दाखवणार? जे नाही तेच दाखवायचं असतं. बोट नेमकं कुठं ठेवायचं, इथूनच पंचाईत सुरू होते.

प्रशिक्षणात सांगितलं होतं, दोन डबे घ्या. एकात ज्वारी भरा, दुसरा तसाच ठेवा. मी डबे घेतले, लेकरं गोल करून बसवली, पहिला डबा उघडला. ह्यात काय आहे? "जवारी!" सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. दुसरा उघडला. ह्यात काय आहे? सगळे चिडीचूप. मी पुन्हा विचारलं. शेवटी एक पोरगा दबक्या आवाजात म्हणाला, "तसं म्हणायचं नसतंय बाई. आज्जी मारती."

मला हसू आलं आणि दुसऱ्या क्षणी पटलंही. आमची गावं धाराशिवकडच्या ईट गावच्या बाजाराला जोडलेली. इथं घरात ज्वारी संपली तरी बाई 'संपली' म्हणत नाही. शेजारणीची वाटी आली तर तशीच परत जात नाही, चिमूटभर साखर किंवा चार दाणे घालून जाते. रिकाम्या सुपाला हात लावायचा नाही, रिकामा पाळणा हलवायचा नाही. मीही याच घरांतली. सासरी आले त्या पहिल्याच आठवड्यात डबा धुऊन पालथा ठेवला म्हणून बोलणी खाल्ली होती. म्हणजे लेकरांना 'रिकामं' कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. फक्त ते बोलायचं नसतं, हेही त्यांना तितकंच चांगलं कळत होतं.

आणि लेकरांचं काय घेऊन बसलात? एकदा पर्यवेक्षिका मॅडम अचानक तपासणीला आल्या. म्हणाल्या, रिकामं-भरलेलं घेऊन दाखवा. मी मोठ्या ऐटीत दुसरा डबा उघडून लेकरांपुढं धरला, तर तळाशी मूठभर ज्वारी. मॅडम म्हणाल्या, "हा तुमचा रिकामा डबा?" मी छबूबाईकडं बघितलं. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "सरकारी डबा झाला म्हणून काय झालं बाई? तसाच झाकायला जीव व्हईना." चौकशी केल्यावर कळलं, मी प्रत्येक वेळी डबा ठेवून गेले की ही मागून दाणे टाकून ठेवत होती आणि धड्याच्या आधी काढत होती. त्या दिवशी मॅडमच्या गडबडीत काढायचं राहिलं. मॅडम भल्या होत्या. त्यांनी शेऱ्यात काही लिहिलं नाही, पण जाताना डब्याकडं बघून हसल्या.

मग मी डब्यांचा नाद सोडला. पाण्याची बादली आणि काचेचा पेला घेतला. पेल्याच्या तळाशी कागद कोंबायचा, पेला पालथा करून सरळ पाण्यात दाबायचा आणि बाहेर काढायचा. कागद कोरडा! लेकरं वेडी होतात. पेल्यात आधीच हवा आहे, ती पाण्याला आत येऊ देत नाही, असं मी समजावून सांगायचे. मग पाण्यातच पेला तिरका केला की बुडबुडे निघतात. "पेला ढेकर देतोय," असं एकीनं म्हटलं आणि तेव्हापासून आमच्याकडं त्या खेळाचं नाव ढेकरच पडलं. पण त्यातून भलताच घोटाळा झाला. पेल्यात हवा आहे, खोलीत हवा आहे, डब्यात हवा आहे, मग रिकामं कुठं आहे? लेकरांनी विचारलं नाही, पण माझं मलाच कळेना.

उत्तर सापडलं ते चुना मारायच्या वेळी. आमची अंगणवाडी एका खोलीची. निम्मी खोली धान्याच्या पोत्यांनी, पत्र्याच्या पेटीनं आणि मोडक्या खुर्च्यांनी अडलेली. चुना मारायला म्हणून ते सगळं बाहेर काढलं आणि कोपरा मोकळा झाला. लेकरं आली ती कुणी काही न सांगता सरळ त्या कोपऱ्यात घुसली. एकमेकांना चिकटून बसली, उठली, पुन्हा बसली. त्यांना ती जागा पायांनी कळली होती. त्या दिवसापासून मी 'आत काय आहे' हे विचारायचं सोडलं. 'इथं काय मावेल?' असं विचारायला लागले. पेटीत काय मावेल? चपलेत? मुठीत? लेकरांच्या उत्तरांना अंत नसायचा, आणि त्यात अशुभ बोलायची भीतीही नव्हती. जिथं मावतं ते रिकामं. मला माझ्या हुशारीचं मोठं कौतुक वाटलं. मासिक बैठकीत मॅडमनी मला उठवून हे सगळ्या सेविकांना सांगायला लावलं. घरी येऊन मी नवऱ्यालाही सांगितलं. त्यांनी बातम्यांचा आवाज कमी न करता मान हलवली.

स्वरा आली ती त्यानंतर. ती आता मोठ्या शाळेत जाते, रस्त्यात दिसली की लांबून हाक मारते. तिच्या आईला, मनीषाला विचारूनच हे लिहिते आहे. तेव्हा स्वरा चार वर्षांची होती. बाप ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून एकदा-दोनदा घरी यायचा. घरात आई आणि आजी. या आजीला सगळं गाव कौसाक्का म्हणतं. बोलायला फटकळ, पण कुणाच्या अडचणीला सगळ्यांच्या आधी धावणारी.

त्या वर्षी मनीषाला मुलगा झाला. बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करणं हे आमचं काम. मी गेले, वजन केलं, ते कमी होतं. कसं पाजायचं, कसं उबेत ठेवायचं ते सांगितलं आणि परत परत जात राहिले. बाळ जरा सावरलंही. बारसं झालं, पाळणा टांगला, गावातल्या बायांनी गाणी म्हटली. पण मग त्याला दम लागला. धाराशिवला नेलं. तिथं डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. बाळ राहिलं नाही. तिथून आणलं ते परस्पर शेतात नेऊन पुरलं. स्वरा तेव्हा शेजाऱ्यांकडं होती. तिनं बाळाला जीपमधून जाताना पाहिलं होतं, येताना पाहिलं नाही.

तिला सांगितलं, बाळ मामाच्या गावाला गेलंय.

यात कुणाच्या मनात काही वाकडं नव्हतं. आपल्याकडं असंच सांगतात. पाळणा उतरवायला गेलं की पोरगी आकांत करायची, म्हणून तो तसाच राहिला. आणि रिकामा पाळणा घरात टांगलेला कसा ठेवायचा, म्हणून कौसाक्कानं त्यात गोधड्या रचून ठेवल्या.

अंगणवाडीत मला दोन गोष्टी दिसत होत्या. स्वरा बसकरावर बसली की तिच्या शेजारी हातभर जागा सोडायची. दुसरं कुणी तिथं सरकलं तर ढकलून द्यायची. आणि खिचडी निम्मीच खायची. मला वाटलं, घरात दुःख आहे, लेकरू बावरलंय, येईल हळूहळू वळणावर. त्या महिन्याच्या वजनात मात्र तिचा काटा खाली उतरला होता. त्या घरात आणखी एका लेकराचं वजन कमी झालेलं मला बघायचं नव्हतं.

एक दिवस दुपारच्या आत कौसाक्का दारात उभी राहिली. एका हातात स्वराचं मनगट.

"बाई, तुमी लेकराला काय शिकवताव?"

"काय झालं, आक्का? आत तरी या."

"आत न्हाय येत म्या. सकाळी शेतातनं आले, बघते तर पाळण्यातल्या समद्या गोधड्या खाली आन् ही पाळण्याला झोकं देत बसलीया. तसला पाळणा! कोन शिकवलं तुला, इचारलं, तर तुमचं नाव घेती."

मी काही बोलायच्या आत आजीच्या पदराआडून स्वराच म्हणाली, "तुमीच म्हणलाव की बाई. जागा मोकळी आसली की मावतंय. पाळण्यात गोधड्याच व्हत्या. बाळाला जागाच न्हवती. म्हणून येईना झालंय ते."

छबूबाई चुलीपाशी होती. तिच्या हातातला पळा हवेतच राहिला. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला: शेजारची हातभर जागा, ताटातली निम्मी खिचडी. पोरगी बावरलेली नव्हती. ती भावाच्या परतीची तयारी करत होती, आणि माझाच धडा अगदी बिनचूक वापरत होती.

"उद्यापासनं धाडणार न्हाय हिला," कौसाक्का म्हणाली आणि तिला ओढत घेऊन गेली.

आणि खरंच धाडलं नाही. छबूबाईचं घर त्यांच्याच आळीत. ती रोज सकाळी मला खबर द्यायची. पोरगी अर्धी भाकरी खाते, अर्धी पाळण्याच्या कडेला ठेवते. अंथरुणात अगदी कडेला निजते, मधे जागा सोडून. हाका मारल्या तरी दारातनं हलत नाही, जीपचा आवाज आला की उठून उभी राहते. मनीषा नुसती बसून असते, बोलत नाही, रडतही नाही. "बाई, ही पोरगी आशानं जायची," छबूबाई म्हणाली. एरवी असं अभद्र बोलणारी बाई नव्हे ती.

मला सांगा, मी काय करायला हवं होतं? बाळ कसं पाजावं हे आम्हाला शिकवलं होतं. जुलाब, ताप, लस, सगळं शिकवलं होतं. गेलेल्या बाळाबद्दल त्याच्या बहिणीला काय सांगायचं, हे कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं. याची मला आजही खंत आहे, कारण गावात दुसरं कोण होतं सांगणारं? मनात वाक्यं जुळवून बघितली. 'देवाघरी गेलं' म्हणावं, तर ती विचारणार देवाचं घर कुठं, आणि मग त्या वाटेकडं डोळे लावून बसणार. या वयाची लेकरं शब्द जसाच्या तसा घेतात. तो आपण गोलमाल करून दिला की ती गोलमालच उचलून घरभर हिंडतात.

बाळ नसलं तरी बाळंतिणीला भेटायला जाणं माझ्या कामातच होतं. मी गेले. दुपारची वेळ होती. पाळण्यात पुन्हा गोधड्या रचलेल्या, आणि या वेळी वरून सुतळीनं बांधलेल्या. स्वरा त्याच्याच खाली बसली होती. मनीषा भिंतीला टेकून.

"या बाई, च्या घ्या," कौसाक्का म्हणाली. "पर तसलं काय बोलू नगा हितं."

"बोलायलाच आलेय, आक्का. पण मनीषा हो म्हणाली तर. नाहीतर चहा घेऊन जाते."

"चार वर्साचं लेकरू ते. त्याला मरान काय कळतंय?"

"कळत नाही म्हणूनच जागा करत बसलीय ना? तुम्ही तिला भाकरी वाढता, ती त्यातली बाळासाठी ठेवते. किती दिवस ठेवायची तिनं?"

कौसाक्का मनीषाकडं बघायला लागली. मनीषा म्हणाली, "सांगा बाई. मला न्हाय जमत. रोज इचारती, कवा यील. मामानं सोडलं न्हाय का म्हणती."

मी स्वरासमोर जमिनीवर बसले. मी तिला तिच्याच बोलीत सांगितलं. "स्वरा, बाळ मामाकडं न्हाय. बाळ लई आजारी पडलं. डॉक्टरनं औषध दिलं, पर त्याचं आंग चालायचं थांबलं. श्वास थांबला. बाळ मेलं. मेलेलं मानूस परत येत न्हाय."

"म्या जागा केली तरी?"

"तरी न्हाय येत."

"आर्धी भाकर ठिवली तरी?"

"तरी न्हाय, माय. तू समदी भाकर खाल्ली तरी बाळाचं काय कमी हुनार न्हाय."

ती रडली नाही. वर पाळण्याकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "मग ह्या जागंत आता काय मावतंय?"

इतकी वर्षं ज्याला त्याला विचारत आलेला माझाच प्रश्न तिनं मला विचारला होता. मी मनीषाकडं बघितलं.

उठली ती कौसाक्का. तिनं सुतळीची गाठ दातांनी सोडली. एक गोधडी काढली, दुसरी काढली, सगळ्या काढून खाली टाकल्या. स्वराला काखेत धरून उचललं आणि पाळण्यात वाकून बघायला लावलं.

"काय न्हाय मावत, माय," ती म्हणाली. "रिकामा हाय. बघ. रिकामा झालाय."

त्या शब्दावर मनीषाला रडू फुटलं. इतके दिवस अडवून धरलेलं, मोठ्यानं, पोटातनं. मला वाटलं आता पोरगी घाबरेल. पण ती आजीच्या कडेवरून उतरली, आईच्या मांडीवर जाऊन बसली आणि पदरानं तिचं तोंड पुसायला लागली. थोड्या वेळानं पाळण्याकडं बोट करून म्हणाली, "बाळ तर एवढंसं व्हतं की गं."

"एवढंसंच व्हतं," मनीषा हुंदके देत म्हणाली. "पर शिंकायला लागलं की थांबायचं न्हाय."

स्वराला हसू आलं. "आन्?"

"आन् आंगठा चोखायचं न्हाय. आख्खी मूठ तोंडात घालाया बघायचं."

"आन्?"

"तू जवळ आलीस की डोळं फिरवायचं तुझ्याकडं."

ते बाळ गेल्यापासून त्या घरात त्याच्याबद्दल पहिल्यांदाच कुणी बोलत होतं. माझं काम संपलं होतं. मी हलकेच उठले आणि चपला शोधायला लागले.

"आन् कानामागं तीळ व्हता," कौसाक्का म्हणाली. ती गोधड्यांच्या ढिगापाशी बसली होती. "डाव्या कानामागं. पाजताना दिसायचा."

मनीषानं मान वर केली. "न्हाय ओ आत्याबाई. तीळ कुठं व्हता त्याला?"

कौसाक्कानं हातातली गोधडी उलटी केली, सुलटी केली. माझी अख्खी नोकरी याच गावात झाली, घराघरातली बाळंतपणं मला तोंडपाठ होती. पण आता ती जे बोलली ते मला ठाऊक नव्हतं, आणि मनीषाच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की सुनेलाही ठाऊक नव्हतं.

"ह्याला न्हवता व्हय," कौसाक्का म्हणाली. "मग माझ्या गेलेल्याला व्हता."

स्वरा आईच्या मांडीवरून उठली, आजीसमोर जाऊन उकिडवी बसली.

"तुझं बी बाळ व्हतं?"

"व्हतं."

"मग सांग की," स्वरा म्हणाली.